तळातली ओळ

भद्रावती,
११ ऑगस्ट २००८

जिशानभाई,

अस्सलाम अलैकुम. पोस्टानं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, अब्बांची तब्येत ठीक आहे. ईमेल केली असती, पण शनिवारी सकाळी तू पासवर्ड बदललास आणि माझा नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस. पुण्याचा पोस्टमन मात्र तुझ्या हाती नाही.

मराठीत लिहितेय, कारण तुझ्याशी भांडायची सवय मला याच भाषेत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून घरापर्यंत आपण मराठीत भांडायचो आणि दारात आलो की अब्बांसमोर हिंदीत गोड व्हायचो. आता मी पंचविशीची आहे, तू अठ्ठावीसचा. भांडण तेवढं मोठं झालं, भाषा तीच राहिली.

मी माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच वाचून घे.

तू पुनमला फोन करून विचारलंस म्हणे, "नाजियाला झालं काय?" पुनम माझी मैत्रीण आहे, बसस्टँडसमोर तिचं सायबर कॅफे आहे, पण ती माझी वकील नाही. म्हणून काय झालं ते मीच लिहिते, तुला माहीत असलेलंसुद्धा, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की हे सांगितलंच नव्हतं.

तीन वर्षं झाली, तू वेबसाइटच्या थीम बनवून जगभर विकतोस. अब्बा शेजाऱ्यांना समजावतात, "मजकूर गिऱ्हाइकाचा, शिलाई आमच्या पोरांची." शिलाई उसवली की ती मी नीट करते, इथं, अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानामागच्या खोलीत बसून. कुणाचा मेनू तुटून दोन ओळींत येतो, कुणाला निळा पट्टा हिरवा पाहिजे असतो, कुणाची उजवी बाजू घसरून पानाच्या खाली जाते. रोज वीस-पंचवीस पत्रं, आणि प्रत्येक उत्तराखाली सही 'मार्क'. "नाजिया नावावर कोण भरवसा ठेवणार?" असं तू म्हणालास तेव्हा मी हसले होते. ते हसणं मी परत घेते.

अठ्ठावीस जुलैला सकाळी एकदम नऊ तक्रारी आल्या. साइट उघडत नाही, नुसतं पांढरं पान येतं. नऊही जणांकडे आपली 'इरई' थीम. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "त्यांच्या होस्टिंगचा बिघाड आहे असं कळव. होस्टिंग बदलायला सांग. चार दिवसांत आपोआप थंड होईल." मी नऊ जणांना तसं कळवलं.

त्यातले एक मूल गावचे बापूराव गुरुजी. तुला ते आठवणार नाहीत, तुझ्यासाठी ते ऑर्डरचा एक नंबर. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले आणि गावोगाव फिरून धानाच्या रोवणीची गाणी जमवायला लागले. म्हाताऱ्या बायांकडून कॅसेटवर घ्यायची, घरी येऊन साइटवर टाइप करायची. आपल्या नदीचं नाव दिसलं म्हणून त्यांनी 'इरई' घेतली. आणि मार्कला पत्र लिहिलं ते थेट मराठीत, की मथळ्यातली जोडाक्षरं फाटतात आणि वेलांट्या वरून कापल्या जातात. मी इतकी खूश झाले की मराठीतच उत्तर दिलं. मथळ्याच्या अक्षरांमधली फट काढून टाकली, ओळीची उंची वाढवली, वेलांट्या बाहेर आल्या. त्यांचं उत्तर आलं, "मार्कसाहेब, तुमची मराठी आमच्याकडची दिसते."

हेच गुरुजी माझ्या सांगण्यावरून जुनी होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, बंद करून बसले. त्यांचे जावई प्रवीण यांनी सगळ्या फाइली नव्या जागी नेल्या. पण गाणी फाइलीत नसतात, ती डेटाबेसमध्ये असतात आणि तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो. हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. जुन्या कंपनीनं खातं पुसलं. नव्या जागी थीम तेवढी उभी राहिली, आत काहीच नाही. अठ्ठ्याहत्तर गाणी होती.

सात तारखेला मी मूलला गेले. तुला न विचारता.

गुरुजी ओसरीत बसले होते. मला म्हणाले, "तुमी मार्कसाहेबाच्या हापिसातून आल्या का?"

"मीच मार्क आहे, गुरुजी."

"मले वाटलंच होतं. तुमी पत्रात 'बदला' नाई, 'बदलवा' लिहलं होतं. अमेरिकेतला मानूस 'बदलवा' कायले लिहीन?"

मी सांगितलं की त्यांच्या होस्टिंगला काहीच झालं नव्हतं. बिघाड आमच्या थीमच्या तळाशी होता. तिथं एक दडवलेली ओळ आहे, वाचता येऊ नये अशी, नुसती खिचडी अक्षरांची. पान उघडलं की ती ओळ दूरच्या एका सर्व्हरवरून जुगाराच्या आणि औषधांच्या जाहिरातींचे दुवे आणते आणि पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत छापते. वाचणाऱ्याला दिसत नाहीत, सर्च इंजिनला दिसतात. तो दूरचा सर्व्हर बंद पडला आणि सगळी पानं त्याची वाट बघत पांढरी झाली.

"म्हंजे माह्या गाण्याइच्या खाली जुगाराची जाहिरात होती?"

"हो."

"किती दिवस?"

"तुम्ही थीम घेतली तेव्हापासून."

"मंग तुमी मले होस्टिंग बदलवाले काऊन सांगतलं? मी तं तुमचं आयकून बदलवलो."

'भावानं सांगितलं म्हणून' हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "मी खोटं सांगितलं, गुरुजी."

आतून आशाबाई आल्या, त्यांच्या पत्नी. त्यांनी एवढंच विचारलं, "सोमारीबाईचे गाने बी गेले का हो?" सोमारीबाई म्हणजे गाणी सांगणाऱ्या बायांतली एक. गुरुजी म्हणाले, "सगळेच गेले." मग ते उठून मागच्या अंगणात गेले आणि मी निघेपर्यंत परत आले नाहीत. आशाबाईंनी मला चहा दिला. तो मी प्यायले. न पिणं जास्त वाईट दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मार्कच्या ईमेलच्या पेटीतून उरलेल्या आठ जणांना खरं कारण लिहिलं आणि ती ओळ कशी काढायची तेही. त्यानंतर तू पासवर्ड बदललास. तुझ्याकडे बदलायला तेवढंच होतं.

नाजिया


भद्रावती,
२४ ऑगस्ट २००८

जिशानभाई,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही, पण अब्बांना फोन आला तेच उत्तर समजते. तू काय बोललास ते मला शब्दशः माहीत आहे, कारण अब्बा फोन ठेवून सरळ माझ्या खोलीत आले. बोलले हिंदीतच, मी आपल्या बोलीत उतरवतेय.

"जिशान म्हनते, तू त्याचा धंदा बुडवून राह्यली."

"त्यानं लोकांच्या साइटमध्ये काय लपवलं ते सांगितलं का?"

"ते मले समजत नाई, बेटा. मले इतकंच समजते का या घरावर स्लॅब त्यानं टाकला. चुप राह्य काही दिवस."

मी गप्प बसले नाही. तिसऱ्या दिवशी अब्बा टेलिफोन ऑफिसात जाऊन ब्रॉडबँड बंद करायचा अर्ज देऊन आले. तुझ्या सांगण्यावरून. दुपारी मोडेमवरचा हिरवा दिवा गेला. तू खूश झाला असशील. मी तशीच उठून पुनमकडे गेले. तिनं खिडकीजवळचा संगणक मला सोडून दिला, सकाळी दहा ते पाच. फुकट नाही. तिच्याकडे येणाऱ्या पोरांचे परीक्षेचे फॉर्म मी भरून देते.

आता एक गोष्ट लिहिते, जी मागच्या पत्रात मी गाळली. ती मी गुरुजींनाही सांगितली नव्हती, पुनमलाही नाही.

त्या अठ्ठावीस तारखेला तुझा फोन ठेवल्यावर मी 'इरई'ची शेवटची फाइल उघडून बघितली होती. अकरा वाजलेसुद्धा नव्हते. ती खिचडी ओळ मी तेव्हाच उलगडली. आतला पत्ता वाचला. मला सगळं कळलं होतं. आणि त्यानंतर मी ती नऊ खोटी उत्तरं लिहिली. गुरुजींचं सर्वांत शेवटी लिहिलं, कारण ते मराठीत लिहायचं होतं आणि मराठीत खोटं लिहायला मला वेळ लागला. पण लिहिलं.

म्हणून हे सगळं तुझ्या अंगावर ढकलून मी मोकळी होतेय असं तू समजू नकोस. ओळ तुझी. उत्तरं माझी. माझ्या वाट्याचं मी निस्तरतेय, आणि त्यात तुझी परवानगी कुठंच लागत नाही.

काय करतेय ते ऐक. सर्च इंजिनकडे प्रत्येक पानाची जुनी प्रत काही दिवस राहते. साइट पुसली तरी ती प्रत लगेच जात नाही. हे मला मूलहून परतताना बसमध्ये आठवलं आणि मी चंद्रपूरला उतरून स्टँडजवळच्या पहिल्या कॅफेत घुसले. गुरुजींच्या गाण्याचे शब्द टाकले. साइट मेली होती आणि गाणं होतं. पूर्ण, सोमारीबाईच्या नावासकट.

पण त्या प्रती रोज कमी होतात. आज दिसलेलं पान उद्या दिसेल याचा भरवसा नाही. गुरुजींना फोन केला तर ते आधी बोलेचनात. मी म्हणाले, "मला माफ करू नका, पण गाण्यांची यादी द्या." आशाबाईंनी फोन घेतला आणि एकेक पहिली ओळ सांगत गेल्या. चाळीस मिनिटं. मध्येच गुरुजी मागून चुका सुधारायला लागले. ते शिक्षक आहेत, चुकीची ओळ त्यांना ऐकवली नसती.

आजचा हिशेब असा: वीस गाणी गुरुजींच्या जुन्या वहीत सापडली. मी एक्केचाळीस वाचवली. सतरा गेली. गेल्या मंगळवारपासून एकही नवीन पान मिळालेलं नाही. कॅसेटवर ती नाहीत, कारण गुरुजी एकीचं टाइप झालं की तीच कॅसेट दुसरीसाठी वापरत. त्या सतरांतल्या काही बायाही आता नाहीत.

आता दुसरं काम. तू मला गिऱ्हाइकांच्या यादीपासून तोडलंस, पण प्रत्येक साइटच्या तळाशी तू हौसेनं 'पळस थीम्स' असं ठळक लिहून ठेवलं आहेस. तेवढे दोन शब्द शोधले की तुझं अख्खं गिऱ्हाइक माझ्यासमोर येतं. दोनशे बारा निघाले. मी प्रत्येकाला त्याच्याच साइटवरच्या संपर्काच्या चौकटीतून, आणि पान पांढरं असेल तर जुन्या प्रतीत दिसणाऱ्या पत्त्यावर लिहितेय. तुमच्या थीममध्ये काय आहे, ते कसं काढायचं, काढण्याआधी डेटाबेसची प्रत कशी घ्यायची, आणि स्वतःला जमत नसेल तर मी करून देईन. खाली सही करते: नाजिया गफ्फार, भद्रावती, जिल्हा चंद्रपूर.

तुला हे अब्बांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

नाजिया


भद्रावती,
१५ सप्टेंबर २००८

जिशानभाई,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, अक्षर अजून तसंच, उजवीकडे पळणारं.

तू लिहितोस, मी आपल्याच घराला आग लावली. तू लिहितोस, हे करून मला कोण काम देणार, भद्रावतीत बसून मी स्वतःला समजते कोण. आणि तिसऱ्या पानावर लिहितोस की ती ओळ तू अम्मीच्या नागपूरच्या ऑपरेशनच्या वेळी टाकलीस, कारण तो जाहिरातवाला आगाऊ पैसे द्यायला तयार होता आणि दुसरं कोणी नव्हतं.

हे मला माहीत नव्हतं. ते पान मी पुनमच्या कॅफेत वाचलं आणि बाहेर जाऊन बसस्टँडच्या बाकावर बसले. नागपूरच्या दवाखान्यात अम्मीजवळ मीच होते, जिशानभाई. तू पैसे पाठवत होतास आणि मी ते भरत होते. कुठून येतात हे मी तेव्हा विचारलं नाही. मला विचारायचं नव्हतं. तेव्हा तू मला सांगितलं असतंस तर मी स्वतःच्या हातानं ती ओळ टाकली असती, हेही लिहून देते.

पण अम्मीला जाऊन दीड वर्ष झालं. ओळ काऊन राहिली?

'इरई' तर तू अम्मी गेल्यानंतर बनवलीस. तिच्यात ती ओळ नव्यानं टाकलीस. अम्मीचं नाव पुन्हा या गोष्टीत आणू नकोस. अब्बांना तर हे कारण सांगूच नकोस. ते त्यांना आयुष्यभर सलत राहील.

मला कोण काम देणार याचं उत्तर. दोनशे बारांपैकी ऐंशीच्या वर लोकांनी काहीच कळवलं नाही. काहींनी शिव्या घातल्या. कॅनडातल्या एका दातांच्या डॉक्टरनं लिहिलं की तीन वर्षं मार्क म्हणवणाऱ्या बाईला मी माझ्या साइटची किल्ली का देऊ. त्याचं बरोबर आहे. मी त्याला पायऱ्या लिहून पाठवल्या आणि कळवलं की किल्ली देऊ नका, स्वतः करा, अडलं तर विचारा. त्यानं केलं. अडलं तेव्हा विचारलं. न्यूझीलंडमध्ये मधमाश्या पाळणारी एक बाई आहे, तिचा सगळा हंगाम साइटवरच्या ऑर्डरींवर चालतो. तिची साइट दोन आठवडे पांढरी होती. आता चालते. शुक्रवारपर्यंत एकशे चौदा जणांची ओळ निघाली आणि त्यातल्या काहींनी विचारलंय की पुढचं काम मी घेईन का.

शुक्रवारी रोजा होता. पाच वाजता मी उठणार तोच कॅफेच्या दारात अब्बा उभे. मला न्यायला कधी येत नाहीत. पुनमनं खुर्ची दिली तर बसले आणि माझ्या पडद्याकडे बघत राहिले. मी एका साइटची ओळ काढत होते. पांढरं पान होतं, ते भरून आलं. फोटो आले, अक्षरं आली.

"हे असे किती झाले?"

"एकशे चौदा."

"सगळ्याइचं असंच बंद होतं?"

"काहींचं. पण ओळ सगळ्यांत होती, अब्बा."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "जिशाननं हे जानून केलं का?"

मी खोटं बोलू शकले असते. तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. पण यावर्षीचा माझा खोट्याचा कोटा संपला होता. मी "हो" म्हणाले.

त्यांनी टोपी परत घातली. मग उठले. "मी त्याले काही म्हननार नाई. तो माहा पोरगा आहे. पन तुहं काम बी मी बंद करनार नाई." घरी जाताना ते माझ्या पुढं दोन पावलं चालत होते, नेहमीसारखे.

आज सकाळी लाइनमन आला. मी म्हणाले, आम्ही तर बंद करायला सांगितलं होतं. तो म्हणाला, "शनिवारी गफ्फारभाईनंच येऊन चालू कराचा अर्ज देल्ला." अब्बा दुकानात मशीनवर बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

नाजिया


भद्रावती,
६ ऑक्टोबर २००८

जिशानभाई,

ईद मुबारक, उशिरानं. तू आला नाहीस. अब्बांनी तुझ्यासाठी शिवलेला पठाणी खुंटीला आहे. ते तसं बोलून दाखवणार नाहीत म्हणून मी लिहिते.

आयतभाभीचा फोन आला होता. ती म्हणाली, मार्कची उत्तरं आता तूच लिहितोस, आणि एकाला रंग बदलून देताना त्याचा अख्खा मेनू उडवलास. मी हसले नाही असं म्हणणार नाही. तो मेनू मी परवा लावून दिला. त्या माणसानं मलाच लिहिलं होतं.

तुझी 'इरई'ची नवी आवृत्ती बघितली. ओळ काढलीस, चांगलं केलंस. सोबतच्या सूचना माझ्या आहेत, शब्दनशब्द, डेटाबेसची प्रत घ्यायच्या परिच्छेदासकट. माझं नाव नाही. राहू दे, सूचना लोकांच्या कामाच्या आहेत, त्या मी परत मागत नाही.

आता तुझ्या पत्रातल्या प्रस्तावाचं. तू म्हणतोस परत ये, भागीदार हो, वाटल्यास स्वतःच्या नावानं सही कर. 'वाटल्यास' हा शब्द मी दोनदा वाचला. माझ्या नावानं सही करायला मी ऑगस्टमध्येच सुरुवात केली, तेव्हा ते देण्यासारखं तुझ्याजवळ काही उरलेलं नाही.

मी परत येणार नाही. मी थीम विकणारही नाही. कोणाचीही थीम असो, ती बिघडली की नीट करायची आणि ज्याची त्याच्या मापाची करून द्यायची, हे माझं काम. मराठी अक्षरांची तर फारच वाट लागते लोकांकडे. चंद्रपूरचे दोन छापखानेवाले आणि वरोऱ्याची एक शाळा आधीच आलीय. अब्बांच्या दुकानाच्या पाटीवर, 'जेंट्स टेलर'च्या खाली, मी माझ्या कामाची एक ओळ रंगवून घेतली. अब्बा म्हणाले, "अक्षर जरा मोठं कराचं होतं."

मला तुझ्याकडून एकच गोष्ट पाहिजे आणि ती मागच्या महिन्यात, माझं पत्र वाचून तू फोन केलास तेव्हा मागितली होती. गुरुजींना जाऊन भेट. तू म्हणालास, "एका गिऱ्हाइकासमोर मी हात जोडत बसू का?" तेव्हापासून मी तुझा फोन उचलला नाही. आता हिशेब बरोबरीचा झाला.

ते अजून रागावलेले आहेत. माझ्यावरही. माझ्याशी फक्त कामाचं बोलतात. पण दर सोमवारी फोन करतात, आणि त्यांची साइट परत उभी झाली तेव्हा पहिलं गाणं त्यांनी स्वतः टाकलं आणि मला वाचायला लावलं, एखादी वेलांटी चुकली का ते बघायला. चुकली होती.

नाजिया


भद्रावती,
१७ नोव्हेंबर २००८

जिशानभाई,

तुझं कार्ड आज मिळालं. शनिवारी संध्याकाळी येतोस आणि रविवारी बसून एकदाचं सगळं बोलून टाकू म्हणतोस. ये. अब्बांना मी सांगितलं, त्यांनी लगेच मटणवाल्याला निरोप धाडला.

पण रविवारी मी घरी नाही.

त्या गेलेल्या सतरा गाण्यांतली आठ एकट्या सोमारीबाईची होती. ती जिवंत आहे. मूलच्या पुढं, सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं गाव आहे. गेल्या रविवारी गुरुजी, आशाबाई आणि मी तिच्याकडे गेलो. धान कापणीला आलाय, सगळं गाव धानाच्या बांधीत, शेतावर होतं आणि ती एकटी घरी, डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून. गुरुजींनी तिला पहिल्या ओळी वाचून दाखवल्या आणि ती गायला लागली. मी टाइप करत होते. अर्ध्यात गुरुजींनी तिला थांबवलं.

"सोमारीबाई, हे कडवं असं नोहोतं. तवा तू येगळं म्हनली होती."

"तवाचं तवा, गुरुजी. आता मले जे आठवते ते मी गाईन. तुमाले नाई पायजे तं नका लेहू."

गुरुजींचा चेहरा पडला. त्यांना जे होतं तेच परत पाहिजे होतं, जसंच्या तसं. आशाबाई म्हणाल्या, "लेहा ना जी. बाई बसली आहे समोर." मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "लेहा." पाच गाणी झाली. आधीपेक्षा चांगली की वाईट, मला सांगता येणार नाही, कारण आधीची कोणाजवळच नाहीत. सोमारीबाई थकली आणि म्हणाली, बाकीची पुढच्या रविवारी.

निघताना तिनं मला विचारलं, "तू कोनाची?" मी म्हणाले, "भद्रावतीच्या गफ्फार टेलरची." गुरुजी मध्येच म्हणाले, "हिच्याच हातून गाने गेले होते." मग, "अन् हेच काढून राह्यली." माझ्यासाठी एवढं ते पहिल्यांदाच बोलले.

राहिलेली नऊ गाणी दुसऱ्या बायांची आहेत. त्यातल्या सहा बाया वारल्या. त्यांची गाणी परत येणार नाहीत. ते मी माझ्या नावावर धरलंय, तू तुझ्या नावावर काय धरायचं ते तुझं तू बघ.

तू भागीदारीचे कागद तयार करून आणतोयस असं लिहिलंस. आणू नकोस, मी सही करणार नाही. तू थीम बनवतोस त्या चांगल्या असतात, हे मी कोणालाही सांगेन. तुझ्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे पाठव, मी त्याचं काम करीन आणि बिघाड तुझा असेल तर तुझा आहे असं त्याला सांगेन. हे चालत असेल तर आपलं जमेल. नसेल तर ईद-बकरीदला भेटू, अब्बांसमोर हिंदीत गोड बोलू.

रविवारी सकाळी मी भद्रावतीहून पहिल्या बसनं निघते. चंद्रपूरच्या स्टँडवरून मूलची गाडी साडेसातला सुटते, मूलहून गुरुजी आणि आशाबाई सोबत येतील. यायचं असेल तर ये. गुरुजी तुला बसा म्हणतील याची खात्री मी देत नाही, आणि तू त्यांच्याशी काय बोलायचं ते मी सांगणार नाही.

त्या गाडीला गर्दी असते. मी तुझ्यासाठी जागा धरणार नाही. पण उभ्यानं आलास तरी मूल काही फार लांब नाही.

नाजिया